नाथाचं बिऱ्हाड

कोलशेत,
२४ नोव्हेंबर १९९३

शकुंतलाबाई गांगुर्डे यांस,

सरस्वतीचा नमस्कार. मी नाथाची थोरली बहीण. दोन वर्षांपूर्वी आमची आई गेली आणि माझा भाऊ परशुराम नाथाला तुमच्या शहाडच्या ब्लॉकमध्ये ठेवून आला, तेव्हा मी बरोबर आले नव्हते. मला ते पटलं नव्हतं म्हणून आले नव्हते. अजूनही पटलेलं नाही, पण ते जाऊ दे.

पत्राचं कारण वेगळं आहे. नाथा भाऊबीजेला आला होता. मी कोळंबीचं कालवण केलं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या, त्याला आवडतात म्हणून खाडीतले मासे, बोयटं, तळली. घरात पाहुणे बसलेले. हा जेवून उठला, स्वतःचं ताट उचललं आणि मोरीत जाऊन घासायला बसला. आमची कांता, म्हणजे परशुरामची बायको, तोंडाला पदर लावून हसत सुटली. मी म्हटलं, "नाथा, ठेव ते, मी आहे ना." तर मलाच म्हणतो, "सरूताय, तुझी पाळी नाय. नाथाची पाळी हाय."

बाई, आमच्या घरात बापयाने आजवर ताट पुढे सरकवलंसुद्धा नाही. नाथा चाळिशीला आला. बुद्धीने तो लहान राहिला ही देवाची करणी, त्याला कोणाचा इलाज नाही. पण त्याला मोलकरीण करायचं हे कोणी ठरवलं? मी शिकले सातवीपर्यंत, पण एवढं मला कळतं की ज्याला सांभाळायला ठेवलंय त्याच्याकडून कामं करून घेत नाहीत. उलट टपाली कळवा.

सरस्वती

शहाड,
३ डिसेंबर १९९३

सरस्वतीताईंना सप्रेम जय भीम,

आपलं पत्र आलं. ते वाचून झाल्यावर मी आधी एक कप चहा घेतला. तो चहा नाथाने केला होता. पहिल्या वर्षी त्याने तीन पातेली जाळली आणि काळुरामची लुंगीही थोडी जाळली, आता मात्र त्याच्यासारखा चहा आमच्याकडे कोणाचा होत नाही. साखर जास्त पडते एवढंच.

आपण कधी आला नाहीत, म्हणून सांगते. हा दवाखाना नाही आणि आश्रमही नाही. श्रमसाफल्य सोसायटीतला दोन खोल्यांचा ब्लॉक आहे, पालकांच्या संस्थेने भाड्याने घेतलेला. नाथासारखे पाच जण इथे राहतात. मी शेजारच्या बिल्डिंगमधून सकाळी येते, रात्री जाते, काळुराम हा मदतनीस मुक्कामाला असतो. स्वयंपाक, झाडू, भांडी, पाणी भरणं, सगळं ते पाच जण पाळीपाळीने करतात. मी कामं करून घेत नाही. राहायला शिकवते. आपण त्याला चार दिवस घास भरवलात आणि परत पाठवलात, तर पुढचा आठवडाभर तो बटणसुद्धा लावत नव्हता. छाती पुढे काढून माझ्यासमोर उभा राहायचा. दर सणानंतर माझी हीच कथा आहे.

दिवाळीत या पाचही जणांनी बिल्डिंगच्या एकेका दारी जाऊन फराळाची ताटली दिली. आपल्या घरात काही आलं की शेजाऱ्याला द्यायचं, हे मी त्यांना महिनाभर शिकवत होते. नाथा सगळ्यांत पुढे होता. आपण ते पाहिलं असतं तर मोलकरीण हा शब्द लिहिला नसता.

कृपा करून पुढच्या वेळी त्याचं त्याला घासू द्या.

आपली,
शकुंतला गांगुर्डे

कोलशेत,
१० फेब्रुवारी १९९४

बाई,

हे पत्र परशुरामच्याच हाती देतेय. त्याच्याबरोबर चिंबोऱ्यांची टोपली आहे. आज अमावास्या, एकेक चिंबोरी भरलेली आहे, खाडीत आता अशा मिळत नाहीत. कंपन्यांचं पाणी सुटल्यापासून खाडीने हात आखडलाय. गेल्या खेपेला नाथा वाळलेला दिसला. तुमच्याकडे डाळ-भाताशिवाय काही होत असेल असं मला वाटत नाही. नांग्या बांधलेल्या आहेत, भिऊ नका. रस्सा नाथाला माहीत आहे, म्हणजे खायचा कसा ते माहीत आहे. करणं तुमच्याकडे. टोपली मात्र परत पाठवा.

सरस्वती

शहाड,
१४ फेब्रुवारी १९९४

सरस्वतीताई,

टोपली परत पाठवत आहे. रिकामी आहे. चिंबोऱ्यांचं काय झालं ते सांगते, बसून वाचा.

परशुरामभाऊ टोपली दारात ठेवून पाणीही न पिता गेले. मी संस्थेच्या ऑफिसात होते, काळुराम आंघोळीला गेला होता. नाथाने टोपली डोक्यावर घेतली आणि चारही मजले चढून प्रत्येक दारासमोर एकेक चिंबोरी ठेवली. ठेवण्याआधी तिच्या नांग्यांची दोरी सोडली. बारा दोऱ्या त्याच्या खिशात निघाल्या. का सोडल्या विचारलं तर म्हणाला, "दोरी घरची हाय."

सेक्रेटरी मराठे यांच्या मातोश्री फुलांची परडी घेऊन जिना चढत होत्या. त्यांची आणि चिंबोरीची गाठ पहिल्या मजल्यावर पडली. परडी तिथेच राहिली, मातोश्री वर गेल्या आणि दोन दिवस खाली आल्या नाहीत. एक चिंबोरी चपलांच्या स्टँडमध्ये सापडली, एक मीटरच्या पेटीखाली. एक अजून सापडलेली नाही आणि ती कुठे असेल यावर जिन्यात रोज चर्चा होते. मीटिंग बसली. मी दोन तास बोलणी खाल्ली. तिसऱ्या मजल्यावरचे राणे माझ्यावर सगळ्यांत जास्त ओरडले, आणि त्याच दुपारी त्यांच्या दारातून कालवणाचा वास येत होता.

सगळ्यांना सांगून सांगून माझी जीभ झिजली. ताई, हात जोडते, यापुढे जिवंत काही पाठवू नका.

शकुंतला

कोलशेत,
२१ फेब्रुवारी १९९४

शकुंतलाबाई,

तुमचं पत्र वाचून कांता हसून लोळली. मला हसू आलं नाही. तुम्ही माझ्या भावाने गुन्हा केल्यासारखं लिहिलंय.

आमच्या पाड्यात जाळ्याला चांगलं लागलं की आधी वाटे पडतात. ज्या घरात कोणी आजारी आहे, ज्या घरात कमावता बापया नाही, तिथे वाटा पहिला जातो. वाटा पोचवायचं काम आमच्याकडे नाथाचं होतं, लहानपणापासून. दुसरं काही त्याला जमत नव्हतं, पण वाट्यात त्याने कधी घर चुकवलं नाही. आणि दोरी परत आणायची ही आमच्या आईची शिस्त. दोरी टाकून आला तर ती त्याला दुसऱ्यांदा पिटाळायची. आमच्याकडे दारं उघडी असतात, बाई पुढे होऊन चिंबोरी हातात घेते, मग दोरी सुटते. तुमच्याकडे दारं बंद. त्याने काय दारावर डोकं आपटायचं होतं?

आणि घरात आलेलं शेजाऱ्याला द्यायचं हे त्याला कोणी शिकवलं, महिनाभर? तुमचं डिसेंबरचं पत्र माझ्याकडे आहे. ताटलीतली करंजी चालते आणि टोपलीतली चिंबोरी चालत नाही, हे त्याने कशावरून ओळखायचं? मलाही ओळखता आलं नसतं.

राण्यांना विचारा, भरलेली होती की नाही.

सरस्वती

शहाड,
१२ मार्च १९९४

सरस्वतीताई,

आपलं खरं होतं. शिकवताना मी करंजीपुरतंच शिकवलं. हे मला मीटिंगमध्ये सुचायला हवं होतं, पण तिथे मी नुसती माफी मागत बसले आणि तिथेच फसले. माफी मागितल्यावर सगळ्यांची खात्री पटली की काहीतरी भयंकर घडलंय.

आता सोसायटीची नोटीस आली आहे. ब्लॉक रिकामा करा, नाहीतर निदान 'त्या माणसाला' इथून हलवा. दोन वर्षं हे पाच जण या जिन्यातून रोज खाली-वर करतात, आता अचानक आयाबायांना त्यांची भीती वाटायला लागली. नाथाने कोणाला बोट लावलं नाही, कोणाकडे डोळा वर करून पाहिलं नाही. मी हे सांगते तेव्हा सगळे माना डोलावतात आणि म्हणतात, "बाई, तुमचं बरोबर आहे, पण आमच्याही घरात मुलंबाळं आहेत." याच्यापुढे काय बोलायचं ते मला कोणी शिकवावं.

संस्थेने ठरवलंय की चौघांचं घर वाचवायचं तर नाथाला काही महिने घरी पाठवावं. मी विरोध केला, पण मी नोकर माणूस, मत माझं नाही. हे लिहिताना माझाच मला राग येतोय. त्याला घेऊन जा. त्याची खाट मी कोणाला देणार नाही, एवढं मात्र माझ्या हातात आहे.

एकच विनंती. त्याच्या पाळ्या मोडू नका.

शकुंतला

कोलशेत,
२० एप्रिल १९९४

शकुंतलाबाई,

नाथा मजेत आहे. होळीला पाड्यात नाचला. तुमची आठवणही काढत नाही. आपलं माणूस आपल्यात आलं की असंच असतं.

आता थोडंफार चालायचंच. उजाडायच्या आत उठतो आणि सगळ्यांच्या वळकट्या गुंडाळायला घेतो. परशुराम रात्रपाळी करून झोपलेला असला तरी त्याच्याखालची गोधडी ओढतो. दाराला आतून कडी घालतो. भरदिवसा आमच्या पाड्यात कोणी कडी घालत नाही. परवा शेजारची आवडाबाई कोथिंबीर मागायला आली आणि बाहेर उभी राहून तिने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. परशुराम जेवून उठला की नाथा त्याच्यासमोर राखेचं भांडं आणि काथ्या ठेवतो आणि म्हणतो, "परशा, तुझी पाळी." दोघा भावांत यावरून दोनदा बाचाबाची झाली. तिसऱ्या दिवशी परशुरामने मुकाट्याने एक पेला घासला. कांताने ते आठ घरी जाऊन सांगितलं.

मोरीत मी त्याला जाऊ देत नाही. स्टोव्हला तर हात लावू देत नाही, भडकला म्हणजे? मी त्याला आयता चहा करून देते. तो पीत नाही. उन्हाळा आहे, नाही प्यायला तर काय बिघडलं. रविवार आला की पिशवी भरतो आणि संध्याकाळभर ओट्यावर बसतो. मी पिशवी रिकामी करून कपडे खुंटीला लावते. सोमवारी विसरून जातो.

काळजी नसावी.

सरस्वती

शहाड,
२८ एप्रिल १९९४

सरस्वतीताई,

नाथा मजेत आहे, हे आपल्या पत्रातलं पहिलं वाक्य. त्याच्या खालचं सगळं पत्र त्याच्या उलट आहे. आपण लिहिलंत आणि आपणच वाचलं नाहीत असं दिसतंय.

ज्याला चहा एवढा लागतो की पातेल्याच्या तळाचाही सोडत नाही, त्याने चहा सोडलाय. उन्हाळ्यामुळे नाही. स्वतः केलेला नाही म्हणून. आणि रविवारी तो का बसतो ते आपल्याला ठाऊक आहे. सणावारी घरी आला की रविवारी संध्याकाळी परशुरामभाऊ त्याला इकडे पोचवायचे.

आता बातमी. चौथ्या मजल्यावरच्या बापटांनी गॅलरी पुढे वाढवून लोखंडी ग्रिल ठोकली आणि सगळ्या सोसायटीचा मोर्चा तिकडे वळला. मराठे आणि बापट कोर्टाची भाषा बोलतायत. आमची नोटीस कोणी मागे घेतली नाही, पण तिचं नावही कोणी काढत नाही. काल मराठ्यांनीच जिन्यात मला थांबवून विचारलं, "तुमचे ते कोळीबुवा हल्ली दिसत नाहीत?" मला त्यांच्या डोक्यात परडी घालावीशी वाटली. मी म्हटलं, गावाला गेलेत, येतील. ते "बरं, बरं" म्हणाले. एवढ्यासाठी आम्ही त्याला दीड महिना घराबाहेर काढला होता.

संस्थेने होकार दिलाय. पुढच्या शनिवारी, सात तारखेला, मी त्याला न्यायला येते.

शकुंतला

कोलशेत,
३ मे १९९४

शकुंतलाबाई,

येऊ नका. मी नाथाला पाठवणार नाही.

तुमच्या सोसायटीला वाटलं तेव्हा घालवायचा आणि वाटलं तेव्हा बोलवायचा, तो काय पाटावरवंटा आहे? परशुराम म्हणतो पाठव. कांता म्हणते तिकडेच बरा होता. म्हणू देत.

तुम्ही मला पत्र वाचता येत नाही असं लिहिलंत. वाचता येतं. रविवारी तो ओट्यावर बसतो तेव्हा मीही आत चुलीपाशी बसून असते आणि माझं ताट तसंच झाकून ठेवते. पण ऐका. माझा नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, मी माहेरी परत आले. आई होती तोवर हे माझं घर होतं. आता परशुराम-कांताचं आहे. मला ते वाईट वागवत नाहीत. सकाळी माजिवड्याच्या नाक्यावर मासळी घेऊन बसते, तेवढा वेळ निघतो. घरी आल्यावर मला कोणी विचारत नाही की सरू कुठे होतीस. नाथा असला की त्याचं जेवण, त्याची आंघोळ, त्याचं रुसणं, सगळं माझ्याकडे येतं. तो असला की मी या घरात कोणाची तरी असते.

आणि तुम्ही म्हणता त्याचं त्याला सगळं करता येतं. मग मी काय करू, सांगा.

सरस्वती

शहाड,
१७ मे १९९४

सरस्वतीताई,

आपण भांडत होता तोवर मला उत्तरं पटापट सुचत होती. या पत्राला सुचेना. दोन आठवडे गेले. सात तारखेला मी आले नाही, हे आपल्या लक्षात आलंच असेल.

मी आपल्यावर पुष्कळ चिडले. आजही थोडी चिडलेलीच आहे. आपण त्याच्यावर माया करता यात मला कधी शंका नव्हती. पण ताई, आपलं घर भरलेलं वाटावं म्हणून त्याने चहा सोडून ओट्यावर बसायचं, हे बरोबर नाही. हे कडू आहे आणि माझ्याशिवाय दुसरं कोणी आपल्याला सांगणार नाही. मी एकटी राहते. रात्री कुलूप उघडून आत जाते तेव्हा मलाही कोणी विचारत नाही कुठे होतीस. पण म्हणून यातला एकही मुलगा मी घरी नेऊन ठेवला नाही, मनात आलं नाही असं नाही.

आपण एकदाही इथे आला नाहीत. या. नाथाला घेऊन रविवारी सकाळी या, दिवसभर राहा. त्याची पिशवी भरू नका, समजावू नका, आमिष दाखवू नका. मीही काही बोलणार नाही. संध्याकाळी आपण निघाल तेव्हा तो आपल्याबरोबर निघाला तर त्याची खाट मी दुसऱ्याला देईन आणि आपल्याला पुन्हा पत्र लिहिणार नाही. राहिला तर आपण त्याला राहू द्यायचं. कबूल असेल तर या.

शकुंतला

कोलशेत,
३१ मे १९९४

शकुंतलाबाई,

तुम्ही परवा दिवसभर माझ्यासमोर तोंड शिवून बसलात, म्हणून माझी बाजू लिहून पाठवते.

मी कबूल करून आले होते आणि तरी मनात पक्कं होतं की तो माझ्याबरोबर परत येणार. सकाळी जिन्यात पाऊल टाकलं तसा त्याने माझा हात सोडला आणि भराभर पुढे गेला. दार वाजवलं. आमच्याकडे तो आयुष्यात कधी दार वाजवून आत गेला नाही. मला म्हणाला, "चपला इथं काढ." मी काढल्या. "इथं बस." मी बसले. खुर्चीवर मला अवघडल्यासारखं होत होतं, पण उठू देईना.

मग चहा ठेवला. स्टोव्ह पेटवला तेव्हा मी डोळे मिटून घेतले, ते तुम्ही पाहिलंत. त्याने गाळला, मला आधी दिला, तुम्हाला दिला, मग स्वतः बशीत ओतून घेतला. बाई, दोन-अडीच महिने मी त्या माणसाच्या तोंडापाशी कप धरत होते. माझ्या डोळ्यांसमोर दोन कप प्यायला. मला रागही आला आणि रडूही आलं, त्यातलं आधी काय आलं ते सांगता येत नाही. मी कप विसळायला उठले तर माझ्या हातातून काढून घेतला. म्हणे, "तू पाव्हनी हाय." मी त्याला न्हाऊ घातलंय, त्याचं नाक पुसलंय, आणि मी पाहुणी.

दुपारभर तो मला एकेक गोष्ट दाखवत होता. खाट, खुंटी, त्याचा पेला. त्या पाचांतल्या सीतारामची ओळख करून दिली, माझ्याशी भांडतो तसाच त्याच्याशीही भांडतो. जेवताना मला वाढलं. चिंबोऱ्या नव्हत्या, डाळ-भात होता. चांगला होता.

संध्याकाळी मी उठले. तुम्ही खिडकीकडे तोंड केलंत. मी हात पुढे करून म्हटलं, "चल नाथा." तो लगेच उठला. पायात चपला घातल्या, पिशवी उचलली. माझ्या जिवात जीव आला. तुमच्याकडे पाहायचंही मी टाळलं, कारण मी जिंकले होते आणि मला तुमचं वाईट वाटत होतं.

पुढचं तुम्ही पाहिलं नाहीत, तुम्ही वरच होता. जिना उतरून तो माझ्याबरोबर रिक्षापर्यंत आला. रिक्षात मी आधी बसले, सरकून त्याला जागा केली. त्याने पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती माझी पिशवी होती. मला म्हणाला, "सरूताय, आता तुझ्या घरी जा. सांज झाली." समजावायचं नाही असं कबूल केलं होतं, मी रिक्षावाल्याला चल म्हटलं. रिक्षा सुरू झाली तसा पुन्हा पुढे आला आणि म्हणाला, "घरी पोचलीस का पत्र टाक." हे तुमच्याकडून उचललं असणार. आमच्याकडे असं कोणी कोणाला म्हणत नाही. मला तरी आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

त्याचे कपडे परशुराम आणून देईल. साखर कमी घालायला शिकवा.

एवढं पत्र त्याच्याने ऐकवणार नाही. तुम्ही फक्त त्याला सांगा, सरूताय घरी पोचली.

सरस्वती